लांबच्या प्रवासात सीट टोचते. मऊ पॅड टाकल्यावर त्रास वाढला, आता नेमके काय बदलावे?

दूरवाट (प्रश्न)

नमस्कार. माझी मोटरसायकल मध्यम वजनाची, ताठ बसून चालवण्याच्या घाटणीची आहे. माझी उंची १७८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. रोजच्या तासाभराच्या प्रवासात सीटबद्दल माझी काहीही तक्रार नसते. परंतु एका दिवसात ३०० किलोमीटरच्या पुढे जायचे झाले की दीड तासानंतर बुडाखाली दोन ठरावीक ठिकाणी ठसठस सुरू होते, अडीच तासांनी ती मांड्यांच्या मागच्या बाजूपर्यंत पसरते, आणि दुपारनंतर माझे अर्धे लक्ष रस्त्याऐवजी बसण्याची जागा बदलण्याकडे लागलेले असते. मला काळजी वाटते ती या शेवटच्या गोष्टीची. दुखणे सहन करता येते, पण वाहन चालवताना चित्त थाऱ्यावर नसणे परवडणारे नाही.

आतापर्यंत मी दोन उपाय केले. पहिला म्हणजे सीटवर पट्ट्यांनी बांधायचे जेलचे पॅड. त्याने पहिला तास सुखाचा गेला, पण पुढे पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागले, आणि गाडी उन्हात उभी राहिली तर ते पॅड इतके तापायचे की त्यावर लगेच बसणे अशक्य होई. दुसरा उपाय म्हणजे मूळ सीटवर दोन इंच जाडीचा मऊ स्पंज घालून नवे कव्हर शिवून घेतले. त्याने बसल्याबरोबर फार छान वाटते. मात्र दोन तासांनी जणू फळीवर बसल्यासारखे होते. शिवाय मी सतत पुढे टाकीकडे घसरत राहतो आणि दर काही मिनिटांनी स्वतःला मागे रेटावे लागते.

तीन महिन्यांनी मला १२ दिवसांचा प्रवास करायचा आहे. दिवसाला सरासरी ४०० किलोमीटर पडतील. नवे तयार सीट विकत घ्यावे, आहे तेच सुधारून घ्यावे, की दोष सीटमध्ये नसून माझ्या बसण्यातच आहे, हे मला कळेनासे झाले आहे. ज्यांनी हा प्रश्न स्वतः सोडवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पाना-स्क्रू (उत्तर)

दूरवाट, आपण केलेले दोन्ही उपाय मऊपणा वाढवणारे होते आणि दोन्ही फसले, यातच बरेचसे उत्तर आहे. नवीन सीटवर खर्च करण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आणि किती वेळाने सुरू होते यावरून कारण शोधावे, असे मी आग्रहाने सांगेन. बुडाखाली दोन ठिकाणी तास-दीड तासाने दुखत असेल तर बसण्याच्या हाडांवर दाब एकवटतो आहे. दुखणे मधोमध, माकडहाडापाशी असेल तर कंबर मागे कलंडते आहे, आणि त्याचे कारण बहुधा हँडल दूर असणे हे असते. मांड्यांच्या आतल्या बाजूला घासत असेल तर सीटची कड चुकीच्या जागी आहे. आणि माणूस पुढे घसरत असेल तर सीटला पुढे उतार आहे. आपल्या वर्णनात यांपैकी पहिले आणि शेवटचे, अशी दोन कारणे एकत्र दिसतात.

उताराकडे फार थोडे लोक पाहतात, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. सीट पुढे उतरते असेल तर शरीर पाय आणि हातांच्या जोरावर स्वतःला अडवून धरते; ते काम नकळत आणि अखंड चालते, त्यामुळे मांड्या, मनगटे आणि खांदे तिन्ही थकतात, आणि घसरताना होणाऱ्या घर्षणाने त्वचाही सोलवटते. उतार आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी, की गुळगुळीत कापडाची पावसाळी विजार घालून नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवावी. जीन्सच्या खरखरीतपणामुळे लपलेला उतार त्या विजारीत लगेच जाणवतो. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून पातळी मोजू नये, कारण त्या स्थितीत गाडीचा मागचा भाग प्रत्यक्षापेक्षा उचललेला असतो.

आता एक प्रश्न विचारतो: मागच्या शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कितीवर ठेवला आहे? प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्याने गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, आणि पर्यायाने सीट पुढे झुकते. दोन चाकांतले अंतर १४०० मिलिमीटर धरले तर मागची बाजू २० मिलिमीटर उचलल्यावर सुमारे ०.८ अंशाचा फरक पडतो. हा आकडा लहान दिसतो, पण सात-आठ तासांच्या प्रवासात तो शरीराला नक्की कळतो. मोजमाप असे करावे: मागचे चाक अधांतरी ठेवून त्याच्या आसापासून वरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे, मग पूर्ण पोशाखात, नेहमीच्या सामानासह गाडीवर बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. दोहोंतला फरक, म्हणजे ज्याला आपण सॅग म्हणतो तो, चाकाच्या एकूण वरखाली प्रवासाच्या साधारण ३० टक्के असावा. प्रवास १५० मिलिमीटर असेल तर ४५ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून खूप कमी आला तर मागचा भाग उंच आहे, आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला पुरेशी जागाही उरत नाही.

दुसरे म्हणजे सीट, पायदान आणि हँडल यांचा त्रिकोण. आपली उंची पाहता गुडघा बराच दुमडला जात असावा. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितकी मांडी सीटवरून उचलली जाते आणि सगळे वजन त्या दोन हाडांवर येते. सीट २ सेंटिमीटर उंच केली तरी मांडी सपाट टेकू लागते. हँडल वर किंवा मागे घेणार असाल तर क्लचची केबल, ब्रेकची नळी आणि वायरी दोन्ही टोकांपर्यंत हँडल वळवून अवश्य तपासा. ताणलेली ब्रेकची नळी ही सीटच्या दुखण्यापेक्षा कितीतरी मोठी आपत्ती आहे.


दूरवाट

पाना-स्क्रू, आपल्या प्रश्नाने मी चपापलो. मागच्या वर्षी मागे माणूस बसवून आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावून प्रवास केला होता, तेव्हा प्रीलोड शेवटपर्यंत वाढवला होता, आणि तो तसाच राहिला आहे. त्यानंतर मी नेहमी एकटा, मागे १२ किलोची एक पिशवी बांधून फिरतो. या रविवारी मोजून कळवतो. तोवर फोमबद्दल कोणी सांगू शकेल का? दोन इंच मऊ स्पंज घालूनही फळीवर बसल्यासारखे का वाटावे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.


सुईदोरा (उत्तर)

सीट शिवण्या-घडवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून या कोड्याचे उत्तर मला द्यावेसे वाटते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिले वाक्य हेच बोलतात, की सीट कडक आहे, मऊ करून द्या. मी त्यांना सांगतो, की बोटाने दाबून फोम निवडू नका. बोटाला जे मऊ लागते ते तुमच्या वजनाखाली दीड तासात पूर्ण चेपते, आणि एकदा फोम पूर्ण चेपला की तुम्ही फोमवर नव्हे, तर त्याखालच्या प्लास्टिकच्या तळावर बसलेले असता. तुम्हाला जी फळी वाटते ती खरोखरच फळी आहे. याची परीक्षा घरी करता येते: जिथे दुखते त्या जागी गुडघा टेकवून सगळे वजन त्यावर घ्या. तळ लागला तर फोम बसलेला आहे किंवा मुळात कमी ताकदीचा आहे.

फोमचे दोन गुण वेगवेगळे असतात आणि विकणारेही पुष्कळदा त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे घनता, म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो. तिच्यावर फोम किती दिवस टिकेल ते अवलंबून असते. दुसरा म्हणजे कडकपणा, जो फोम त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती जोर लागतो यावरून मोजतात. घनता जास्त असूनही मऊ असलेला फोम मिळतो, आणि घनता कमी पण सुरुवातीला कडक लागणाराही मिळतो. हा दुसरा काही महिन्यांत बसतो. अंथरुणाच्या किंवा सोफ्याच्या उश्यांसाठीचा २० ते ३० किलो घनतेचा स्पंज सीटमध्ये घालू नये. मी ५० किलोच्या खाली जात नाही. तळाशी फोमचे तुकडे दाबून चिकटवून बनवलेला, म्हणजे रिबाँडेड फोम वापरतो, कारण तो कडक असतो आणि वजन पसरवतो. त्यावर मधल्या कडकपणाचा थर, आणि सर्वांत वर जेमतेम १० ते १५ मिलिमीटरचा मऊ थर. वरचा थर फक्त त्वचेला बरे वाटावे म्हणून असतो, वजन पेलण्याचे काम खालच्या दोन थरांचे. तुमच्या सीटमध्ये हे सगळे उलटे झाले आहे.

आठवण धरणारा, हळूहळू पूर्ववत होणारा मेमरी फोम पुष्कळ जण मागतात. तो वरच्या थरापुरता चांगला, पण त्याचा स्वभाव तापमानानुसार बदलतो; थंडीत तो दगडासारखा होतो आणि उन्हात लगदा होतो. जेलचेही तसेच. जेल दाबले तर ते चेपत नाही, फक्त बाजूला सरकते, म्हणून दाब थोडा पसरतो. पण धक्का ते फारसे शोषत नाही, जड असते, आणि उष्णता धरून ठेवते. जेल वापरायचेच असेल तर फोममध्ये खाच करून बसवावे आणि त्यावर सेंटिमीटरभर फोमचा थर ठेवावा. पट्ट्यांनी वरून बांधलेले पॅड सरकत राहते, आणि सरकणाऱ्या गोष्टीवर बसल्यास त्वचेचे काय होते ते तुम्ही अनुभवले आहेच.

मात्र माझा अनुभव असा आहे, की पदार्थापेक्षा आकार महत्त्वाचा असतो. बसण्याच्या दोन हाडांतले अंतर माणसागणिक साधारण १० ते १५ सेंटिमीटर असते. ते मोजायला कडक स्टुलावर पन्हाळी पुठ्ठा ठेवून, पाय थोडे उचलून मिनिटभर बसा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांतले अंतर मोजा. ही दोन्ही हाडे सीटच्या सपाट भागावर पडली पाहिजेत आणि त्यांच्या बाहेरही मांडीच्या मुळाला टेकायला जागा हवी. पुष्कळ सीटा मधोमध उंच आणि बाजूंना उतरत्या, म्हणजे ओंडक्यासारख्या असतात. त्यावर बसले की हाडे उतारावर जातात आणि वजन मधल्या नाजूक भागावर येते. तुमच्या वरच्या स्पंजामुळे सीट अधिकच गोलसर झाली असणार. बसण्याची जागा रुंद आणि जवळजवळ सपाट, पुढची टोकाची बाजू अरुंद, म्हणजे पाय जमिनीला सरळ जातील, आणि कडा गोल, असा आकार बहुतेकांना मानवतो. काही जण खोलगट खळगा करून मागतात. त्यात पहिला तास फार सुख मिळते, परंतु एकाच जागी अडकल्यामुळे पुढे-मागे सरकता येत नाही, आणि लांबच्या प्रवासात सरकता येणे हीच खरी सोय असते. म्हणून मी खळगा अगदी उथळ ठेवतो.

स्वतः करणार असाल तर मूळ सीटला हात लावू नका. त्याच गाडीची एखादी जुनी वापरलेली सीट मिळवा आणि तिच्यावर प्रयोग करा, म्हणजे चुकले तरी परतीची वाट राहते. कव्हर काढण्यापूर्वी सीटवर बसून दुसऱ्याकडून खुणा करून घ्या. फोम कापायला लोखंड कापायची लांब पाती किंवा पाव कापायची विजेवरची सुरी चालते. शेवटचा आकार खरखरीत पॉलिश कागदाने द्यावा. एका वेळी थोडेच कापा, कारण कापलेले परत चिकटवता येते पण त्या जोडाची कड जाणवते. डिंकही वरच्या थरात कमीत कमी लावा, वाळल्यावर त्याची कडक पापडी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे: कव्हर घालण्याची घाई करू नका. उघड्या फोमवर स्वयंपाकघरात वापरतात तसा पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळा, त्यावर जुने कापड ताणून बांधा आणि निदान २०० किलोमीटर चालवून या. खुर्चीवर बसल्यासारखे पाच मिनिटे बसून सीट कळत नाही. माझ्याकडून सीट घेऊन गेलेले जे परत आले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही चाचणी टाळली होती.


उंच घाट (उत्तर)

फोमबद्दल सुईदोरा यांनी लिहिलेले पटते, पण हवेच्या गादीचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहितो. एकमेकांना जोडलेल्या लहान लहान हवेच्या पेशींची गादी मी सहा वर्षे वापरतो. चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्यांना दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून ज्या गाद्या बनतात, त्याच तत्त्वावर ही चालते: एका पेशीवर दाब आला की तिथली हवा शेजारच्या पेशींत जाते आणि दाब सगळीकडे सारखा होतो. बहुतेक जण ती टम्म फुगवतात आणि मग ती चेंडूसारखी डुलते अशी तक्रार करतात. गादी फुगवून तिच्यावर बसावे आणि हाडे सीटपासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकी हवा सोडावी. हवा भरली आहे असे वाटू लागले, तर ती जास्त आहे.

डोंगराळ प्रदेशात जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण ७० टक्के उरतो, त्यामुळे खाली बरोबर भरलेली गादी वर जाता जाता आपोआप टणक होते. घाट चढताना एक-दोनदा थांबून हवा सोडावी आणि उतरल्यावर पुन्हा भरावी लागते. हे माहीत नसताना मी एका चढणीवर दिवसभर सीटला दोष देत होतो.


सुईदोरा

उंच घाट, हवेच्या गादीला माझा विरोध नाही, दाब पसरवण्यात ती फोमपेक्षा सरस आहे हे मान्य. पण ती चुकीच्या आकाराच्या सीटवर ठेवली तर उतार तसाच राहतो आणि माणूस गादीसकट घसरतो. शिवाय वळणांवर सीटमधून गाडीची जी जाणीव मिळते ती कमी होते, आणि काहींना ते आवडत नाही. आधी उतार आणि रुंदी, मग वरची गादी, असा क्रम ठेवावा असे माझे मत आहे.


ताठ कणा (उत्तर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः लांबचे प्रवास मोटरसायकलने करते. सीट कितीही उत्तम असली तरी शरीराच्या काही मर्यादा तिच्याने ओलांडता येत नाहीत, म्हणून ही बाजू लिहिते आहे.

पाठ्यपुस्तकांत त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा असा दिलेला असतो. बसलेल्या माणसाच्या हाडाखालचा दाब याच्या कितीतरी पट असतो, याचा अर्थ त्या जागेचा रक्तपुरवठा बसताक्षणीच कमी होतो. दीड तासाने जी ठसठस सुरू होते ती स्नायू आणि त्वचेची रक्तासाठीची मागणी आहे. सीट सुधारून हा कालावधी लांबवता येतो, पण त्यावर खरा इलाज म्हणजे दाब काही क्षण पूर्णपणे काढून घेणे. दुखेपर्यंत थांबू नका. दर १५-२० मिनिटांनी, रस्ता मोकळा व सरळ असेल आणि गाडीची पायदाने त्यासाठी योग्य जागी असतील तर, पायदानांवर जोर देऊन १० ते २० सेकंद बूड सीटवरून उचला. पूर्ण उभे राहण्याची गरज नसते. ज्यांच्या गाडीवर हे शक्य नाही त्यांनी तासाला एकदा उतरून पाच मिनिटे चालावे. दोन तास सहन करून मग अर्धा तास विश्रांती घेण्यापेक्षा वारंवार घेतलेली लहान विश्रांती अधिक उपयोगी ठरते, हा माझा रुग्णांबाबतचाही अनुभव आहे.

बसताना ओटीपोट थोडे पुढे झुकलेले आणि कंबरेचा नैसर्गिक बाक टिकलेला असावा. कंबर गोल करून बसलात की वजन माकडहाडाकडे जाते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का मणक्यांना थेट बसतो. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देते, आणि खराब रस्त्यावर नेमकी अशीच कंपने निर्माण होतात, म्हणून पाना-स्क्रू यांनी सांगितलेले शॉकअब्सॉर्बरचे मोजमाप पाठीच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

कपड्यांकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. जीन्सची जाड दुहेरी शिवण बरोबर हाडाखाली किंवा मधोमध येते. सुती अंतर्वस्त्र घाम शोषते आणि ओलेच राहते. ओली त्वचा मऊ पडते आणि चटकन सोलवटते. शिवण नसलेली, घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याची किंवा तलम लोकरीची घट्ट आखूड विजार आतून घालावी. सायकलवाल्यांची जाड पॅड असलेली विजार मात्र प्रत्येकाला मानवत नाही, कारण तिचे पॅड सायकलच्या अरुंद सीटसाठी घडवलेले असते. सीटवर मेंढीचे लोकरीसह कातडे घालण्याची जुनी पद्धत मला शास्त्रीयदृष्ट्याही योग्य वाटते: लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि तिच्यातून हवा खेळते. आणि कृपया मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडी चालवू नका. त्याने ओटीपोट एका बाजूला कलते आणि मांडीच्या मागून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. दूरवाट, आपले दुखणे मांड्यांच्या मागे पसरते असे आपण लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम विचारते.

शेवटी गंभीर बाब. जननेंद्रियांच्या भागात बधिरपणा किंवा मुंग्या आल्या तर तिथल्या मज्जातंतूवर दाब आहे असे समजून लगेच उतरावे. सीटच्या मधल्या उंचवट्यामुळे हे घडते. उतरल्यावरही तो बधिरपणा तासाभरात गेला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. त्या भागाच्या बधिरपणाबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा जात असेल, अथवा पायांतली ताकद कमी होत असेल, तर एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे. तसेच एका पोटरीला सूज आणि वेदना आली तर तो सीटचा त्रास समजू नये; तासन्‌तास बसून राहिल्याने रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. पुरेसे पाणी पिण्याचा आणि चालण्याचा सल्ला त्यासाठीही आहे. लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणी न पिणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ती सवय सोडावी.


दूरवाट

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सात आठवड्यांनी लिहितो आहे, कारण प्रत्येक बदल वेगळा करून पाहायचा असे ठरवले होते.

पहिल्यांदा सॅग मोजला. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचा प्रवास १५० मिलिमीटर आहे आणि मी बसल्यावर फरक अवघा २६ मिलिमीटर येत होता. प्रीलोड मधल्या खाचेवर आणल्यावर तो ४६ झाला. मग सीटच्या पुढच्या टोकाखालच्या रबरी टेकूंवर ८ मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे बसवले. सीट सुमारे ५० सेंटिमीटर लांब असल्याने त्याने आणखी ०.९ अंश मिळाला. असे करणाऱ्यांनी सीटचे कुलूप नीट बसते की नाही आणि खालची वायर दाबली जात नाही ना, हे पाहावे. माझे कुलूप पहिल्यांदा अर्धवटच लागले होते. या दोन्ही बदलांना काहीही खर्च आला नाही, आणि घसरणे पूर्ण थांबले. इतके दिवस खांदे दुखण्याचे कारण मी हँडलमध्ये शोधत होतो, तेही बऱ्याच अंशी कमी झाले.

पाकिटाबद्दलची शंका खरी होती. ते आता जाकिटाच्या खिशात असते, आणि मांडीमागचे दुखणे दुसऱ्याच आठवड्यात गेले.

हाडांखालचे दुखणे मात्र तसेच राहिले. गुडघा टेकवून पाहिला तर तळ स्पष्ट लागला. मग जुनी सीट मिळवली, पुठ्ठ्यावर अंतर मोजले तर १२ सेंटिमीटर भरले, आणि सुईदोरा यांच्या क्रमाने तीन थर रचले. पहिल्या चाचणीत मागची कड टोचली, दुसऱ्यात उजवी बाजू डावीपेक्षा उंच लागली, तिसऱ्यात जमले. आधीची घाई आठवून मला वाईट वाटले, कारण कव्हर घातले असते तर ते दोनदा उसवावे लागले असते. गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस रोज ४२० किलोमीटर चालवले. दुखणे आता जवळजवळ चार तासांनी सुरू होते, आणि पायदानांवर उठत राहिल्यास तेही विरते. दर २० मिनिटांनी उठायचे लक्षात राहत नव्हते, म्हणून किलोमीटरच्या आकड्याचा शेवटचा अंक पाहून उठायची सवय लावून घेतली आहे.

दोन अडचणी उरल्या आहेत. सीट २ सेंटिमीटर उंच झाल्याने थांबताना माझे फक्त चवडे टेकतात. आणि तिसऱ्या दिवशीच्या पावसात पाणी आत शिरले. दुसऱ्या सकाळी बसलो तर विजार ओली झाली. सीट पुन्हा उघडावी लागेल का?


सुईदोरा

उघडावी लागेल, पण पूर्ण नाही. मागच्या अर्ध्या भागातल्या पिना काढा, कव्हर उलटवा आणि सीट उभी करून सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. उन्हात ठेवू नका. उघडा फोम उन्हाने पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. पाणी बहुधा शिवणीच्या सुईच्या भोकांतून आले आहे. शिवणीवर आतल्या बाजूने शिवण बंद करण्याची पट्टी किंवा लवचीक राहणारा डिंक लावा. पुढे कधी कव्हर नव्याने शिवाल तेव्हा बसण्याच्या भागात शिवण येऊच देऊ नका, ती कडेला उतरवा. फोम आणि कव्हरच्या मध्ये पातळ प्लास्टिक घालावे, मात्र तळाच्या सर्वांत खालच्या जागी लहान भोक ठेवावे, म्हणजे चुकून आलेले पाणी निघून जाईल. नव्या पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि तळाच्या जाडीपेक्षा आखूड घ्या, कारण आरपार गेलेल्या प्रत्येक पिनेने पाण्याला वाट मिळते.

पाय टेकण्यासाठी सीटची उंची कमी करू नका, केलेले सगळे वाया जाईल. कव्हर उघडे आहे तोवर पुढच्या बाजूच्या पिनाही काढा आणि पुढच्या एक तृतीयांश भागातल्या दोन्ही बाजूंच्या कडा तिरक्या कापा, प्रत्येक बाजूने १५ मिलिमीटरपर्यंत. तुम्ही बसता ती जागा त्याच्या मागे आहे, तिला धक्का लागत नाही. मांड्या जवळ आल्या की पाय बाहेर न फाकता सरळ खाली जातात, आणि तेवढ्याने टाचा जमिनीच्या बऱ्याच जवळ येतात. कापण्यापूर्वी बूट घालून बसा, थांबताना मांडी कुठे अडते तिथे खडूने खूण करा, आणि तेवढेच कापा.